ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली: पहिली निवडणूक लढवणाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीच्या चार निवडणुका पाहिलेला माणूस नगरपंचायतीच्या पहिल्या निवडणुकीत हमखास गोंधळतो. आम्हीही गोंधळलो. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या वहिनी सर्वसाधारण महिला प्रभागातून अपक्ष उभ्या होत्या आणि त्यांचा निवडणूक प्रतिनिधी मी होतो. म्हणजे भाषणं आणि फेऱ्या त्यांच्या, कागद सगळे माझे. त्या वेळी नातेपुते, वैराग अशा बऱ्याच गावांत नगरपंचायतीची पहिलीच निवडणूक होती आणि जिथे जिथे ओळखीचं कोणी उभं होतं तिथून रोज रात्री एकच फोन यायचा: "अमुक दाखला कुठे मिळतो हो?"

म्हणून हे लिहून ठेवतोय. नियम दर निवडणुकीला थोडेफार बदलतात, त्यामुळे आकडे आणि तारखा राज्य निवडणूक आयोगाच्या ताज्या आदेशातूनच घ्या. पण अडखळण्याच्या जागा बदलत नाहीत.

१. आधी डोक्यातली ग्रामपंचायत काढा

नगरपंचायत महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ खाली चालते. ग्रामपंचायतीचा कायदा वेगळा, त्यामुळे "मागच्या वेळी असं चाललं होतं" हे वाक्य कार्यालयात बोलू नका. अधिसूचना निघाली की सरपंच आणि सदस्यांची पदं संपतात, प्रशासक बसतो (बहुतेक ठिकाणी तहसीलदार) आणि निवडणूक होईपर्यंत तोच कारभार पाहतो.

ग्रामपंचायतीत एका वॉर्डातून दोन-तीन सदस्य निवडून यायचे. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येकाचा एकच नगरसेवक. २०२१ ला नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जायचा. आता तो थेट जनतेतून निवडला जातो, म्हणून मतदाराला दोन मतं द्यायची असतात, एक नगराध्यक्षाला आणि एक आपल्या प्रभागाच्या उमेदवाराला. हे वयस्कर मतदारांना घरी जाऊन समजवावं लागतं. एक बटण दाबून बाहेर यायला निघणारे पुष्कळ असतात.

२. प्रभागाचा नकाशा लागला की त्याच दिवशी फोटो काढा

पहिल्या निवडणुकीत जुने प्रभागच नसतात. सगळं नव्याने आखलं जातं. आधी प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते, मग अंतिम रचना. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते आणि गावात ती बातमी पोचेपर्यंत निम्मी संपलेली असते.

प्रभाग लोकसंख्येवर पाडतात आणि लोकसंख्या असते २०११ च्या जनगणनेची. हिशेब साधा आहे. समजा गावाची जनगणनेतली लोकसंख्या १५,३०० आहे. १७ ने भागली की सरासरी ९०० येते. त्यात दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे प्रभाग ८१० ते ९९० च्या दरम्यान बसला पाहिजे. प्रभागांचे क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात आणि शेवटचा दक्षिणेत येतो.

यातली खरी मेख अशी की लोकसंख्या २०११ ची आणि मतदार आजचे. गावाबाहेर जिथे नंतर प्लॉटिंग झालं, बंगले उठले, तिथे जनगणनेत मोकळं शेत होतं. त्यामुळे कागदावर ९०० चे दिसणारे दोन प्रभाग, एकात साडेपाचशे मतदार आणि दुसऱ्यात हजारावर, असंही होतं. यावर हरकत चालत नाही, कारण नियमच तसा आहे. पण कुठल्या प्रभागातून उभं राहायचं हे ठरवताना हा फरक माहीत असलेला बरा.

हरकत घ्यायची तर "आमच्यावर अन्याय झाला" असं लिहू नका. सुनावणीत तो कागद दोन मिनिटांत बाजूला पडतो. नेमकं लिहा: नकाशातली सीमा आणि लेखी चतुःसीमा जुळत नाही, एकच वस्ती मधून कापली आहे, ओढा किंवा मुख्य रस्ता ही नैसर्गिक हद्द सोडून रेषा एखाद्याच्या परड्यातून नेली आहे, दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे. सोबत नकाशाची प्रत जोडा, त्यावर लाल पेनने खूण करा. आणि पोच घ्या. पुढे प्रत्येक पायरीला हा शब्द येणार आहे. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेऊन परत आणायची. "साहेबांना दिलाय" ही पोच नव्हे.

३. मतदार यादी: इथे वेळ घालवा, बाकी सगळीकडे वाचवा

नगरपंचायतीसाठी वेगळी मतदार यादी तयार होत नाही. आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच घेऊन प्रभागवार फोडतात. म्हणून कार्यक्रम जाहीर झाल्यावर "आमच्या मुलीचं नाव घाला" म्हणत नगरपंचायतीत गेलात तर हात हलवत परत याल. नाव नोंदवायचं ते विधानसभेच्या यादीत, नमुना ६ भरून आणि त्या ठरलेल्या तारखेच्या आधी. नगरपंचायत होणार अशी कुणकुण लागली की पहिलं काम हेच.

प्रारूप प्रभागनिहाय यादीवर साधारण तीनच प्रकारच्या हरकती ऐकल्या जातात:

- नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं
- विधानसभेच्या यादीत नाव आहे, पण प्रभागाच्या यादीत आलंच नाही
- लेखनिकाची चूक

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. गावात घर क्रमांक कोणी लावत नाही आणि यादीत घर क्रमांकाच्या रकान्यात कुठे शून्य, कुठे आडवी रेघ. यादी फोडणारा माणूस आडनावांवरून अंदाज बांधतो. आमच्या मागच्या आळीतली ३१ नावं शेजारच्या प्रभागात जाऊन बसली. मी यादी घेतली होती, पण ती मोबाईलवर. स्वतःचं नाव शोधलं, घरच्यांची शोधली, सगळे आहेत म्हणून खिशात ठेवली. मतदानाच्या चार दिवस आधी चिठ्ठ्या लिहायला बसलो तेव्हा आख्खी आळी गायब! तेव्हा काही करता येत नाही. वहिनी १४ मतांनी पडल्या. त्या ३१ नावांनी निकाल फिरला असता असं मी म्हणत नाही, त्यातले निम्मे तर पुण्यातच असतात. पण ते काही बरोबर कळायचं आता राहिलं नाही.

तर यादी छापून घ्या. दोघांनी मिळून गल्लीच्या एका टोकाला उभं राहायचं आणि दारोदार जायचं: एकजण नावं वाचेल, दुसरा खूण करेल. नऊशे वस्तीचा प्रभाग दोन संध्याकाळी होतो. चुकलेल्या नावांची एकत्र यादी करून भाग क्रमांक, अनुक्रमांकासह हरकत द्या. मयत आणि दुबार नावंही टिपून ठेवा. ती लगेच कमी होतीलच असं नाही (२०२५ ला संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते), पण मतदानाच्या दिवशी तुमच्या प्रतिनिधीच्या हातात ती खूण असली पाहिजे.

उमेदवाराचं नाव नगरपंचायत हद्दीतल्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत असलं तरी चालतं. मात्र वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांनी एकदा अधिसूचनेतली हद्द वाचावी. गाव एकच म्हणतात, पण वाडी शेजारच्या ग्रामपंचायतीत राहिलेली असू शकते.

४. आरक्षणाची सोडत

अनुसूचित जाती आणि जमातींचे प्रभाग लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरतात. पहिल्या निवडणुकीत मागचं आरक्षण नसल्याने चक्राचा (दर निवडणुकीला आरक्षण दुसऱ्या प्रभागात फिरवण्याचा) प्रश्न येत नाही आणि ज्या प्रभागात प्रमाण सर्वांत जास्त, तिथून उतरत्या क्रमाने राखून ठेवतात. प्रारूप रचनेसोबत ही लोकसंख्या छापलेली असते, त्यामुळे हे प्रभाग सोडतीआधी घरबसल्या काढता येतात. इतर मागासवर्ग आणि महिलांच्या जागा चिठ्ठ्या टाकून. शाळेतली मुलं चिठ्ठी काढतात, सभागृहात एवढी शांतता पुन्हा पाच वर्षं नसते. महिलांना निम्म्या जागा, म्हणजे १७ पैकी ९. नगराध्यक्षपदाची सोडत मात्र गावात होत नाही. ती नगरविकास विभाग मुंबईत काढतो.

सोडत झाली म्हणजे सगळं पक्कं झालं असंही समजू नका. २०२१ ला अर्ज भरणं सुरू असतानाच इतर मागासवर्गाच्या जागांना सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. बाकी प्रभागांचं मतदान २१ डिसेंबरला झालं, त्या जागा सर्वसाधारण करून १८ जानेवारी २०२२ ला मतदान घेतलं आणि मोजणी सगळ्यांची मिळून १९ जानेवारीला. शेजारच्या प्रभागातल्या उमेदवाराने छापलेली सगळी पत्रकं रद्दीत गेली. छपाई उरकायची घाई म्हणूनच करू नका.

५. कागद गोळा करा

हे कार्यक्रम जाहीर होण्याआधी सुरू करा. अंतिम यादी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून घ्यायची, पण बहुतेक कागद हेच असतात:

- मतदार यादीतल्या आपल्या नावाची साक्षांकित प्रत
- वयाचा पुरावा (उमेदवाराचं वय किमान २१)
- शपथपत्र: गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण
- अपत्यांबाबतचं घोषणापत्र
- थकबाकी नसल्याचा दाखला
- राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र
- निवडणूक खर्चासाठी उघडलेलं स्वतंत्र बँक खातं
- अनामत रकमेची पावती (राखीव प्रवर्गाला सवलत असते)
- पक्षाकडून असाल तर एबी फॉर्म (हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने दिलेलं पत्र)

यातले तीन कागद घात करतात.

थकबाकीचा दाखला. नगरपंचायत नवी, पण घरपट्टी आणि पाणीपट्टीची बाकी जुन्या ग्रामपंचायतीची. दप्तर हस्तांतरित होताना नोंदवह्या कुठल्या कपाटात गेल्या हे कोणालाच माहीत नसतं. वहिनींचं घर सासऱ्यांच्या नावावर, पाण्याचं कनेक्शन दिरांच्या नावावर. तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी मी जुन्या पावत्यांची पिशवीच टेबलावर ठेवली, तेव्हा दाखला मिळाला. घरातल्या सगळ्या मिळकतींची बाकी आधी भरून टाका, वाद नंतर घाला.

जात वैधता. प्रमाणपत्र हातात नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत ते सादर करीन असं हमीपत्र जोडावं लागतं. हमीपत्र भरताना सहा महिने फार वाटतात. ही मुदत बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं, तेव्हा कोल्हापूर महापालिकेतल्या नगरसेवकांना त्याचा फटका बसला होता. जिंकून पद घालवण्यापेक्षा आजच अर्ज टाका.

ठेका. ग्रामपंचायतीचं एखादं गटार, पेव्हर ब्लॉक, टँकरचं काम तुमच्या किंवा भागीदारीतल्या नावावर असेल आणि बिल अडकलेलं असेल, तर वकिलाला दाखवल्याशिवाय अर्ज भरू नका. ग्रामपंचायत संपली म्हणून करार संपत नाही. तो नव्या नगरपंचायतीच्या खात्यावर येतो आणि विरोधकांना ते बरोबर माहीत असतं.

अपत्यांचा नियमही लक्षात ठेवा. दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर ठराविक तारखेनंतरच्या जन्मांवरून अपात्रता येते. तारीख घोषणापत्रातच छापलेली असते, ती वाचून मगच सही करा.

६. अर्ज भरणं आणि छाननी

अर्ज बहुधा आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, त्याची छापील प्रत सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे नेऊन द्यायची असते. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ रांगतं आणि कार्यालयाबाहेर जत्रा असते. वेळ दुपारी तीनची. तीन वाजता दार बंद होतं, आत असलेल्यांचेच अर्ज घेतात. पक्षाचा एबी फॉर्मही त्याच मुदतीत पोचला पाहिजे. साडेतीनला तो घेऊन धापा टाकत आलेला कार्यकर्ता प्रत्येक गावात एकतरी असतो.

सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, त्याच प्रभागाचा मतदार हवा. यादी फुटताना नावं इकडे-तिकडे गेलेली असतात, म्हणून अंतिम यादीत सूचकाचं नाव आणि अनुक्रमांक डोळ्यांनी बघा. पक्षाच्या उमेदवाराला आणि अपक्षाला किती सूचक लागतात तेही कार्यालयात विचारून घ्या.

शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका. लागू नसेल तिथे "निरंक" किंवा "लागू नाही" लिहा. रिकाम्या जागेवरून अर्ज उडू शकतो. अर्ज शेवटच्या दिवसाच्या निदान दोन दिवस आधी द्या, म्हणजे काही राहिलंच तर भरून काढता येतं.

छाननीला उमेदवाराने स्वतः जावं. आपल्या अर्जाच्या सगळ्या मूळ प्रती सोबत. कोणी आक्षेप घेतला तर तोंडी वादात न पडता लेखी उत्तर द्यायला वेळ मागा. निर्णय विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, पण मुदत तीन दिवसांची, त्यामुळे वकील आधीच बोलून ठेवलेला बरा. ही अपिलं लांबली की काय होतं ते २०२५ ला दिसलं: मतदान २ डिसेंबरला होतं, अपिलांचे निकाल उशिरा लागले म्हणून काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरला गेलं आणि मोजणी सगळ्यांचीच २१ डिसेंबरला झाली. तोवर कार्यकर्त्यांचा चहा तुमच्याच माथी.

७. माघार आणि चिन्ह

माघारीची मुदत संपली की चिन्हवाटप. अपक्षाला आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंती द्यायची असते. चिन्ह असं घ्या की आजी लांबून ओळखेल आणि नातू एका हाताने काढून दाखवेल. सुंदर चिन्ह आणि ओळखू येणारं चिन्ह यांत फरक असतो. बाकी माघारीच्या रात्री गावात काय काय बोललं जातं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

८. खर्चाची वही

२०२५ ला नगरपंचायतीच्या सदस्यपदासाठी खर्चाची मर्यादा सव्वादोन लाख आणि नगराध्यक्षपदासाठी सहा लाख रुपये होती. मर्यादा ओलांडण्यापेक्षा हिशेब न देण्याने जास्त लोक अडचणीत येतात.

निवडणूक कार्यालय एक दरपत्रक देतं. त्यात चहा, नाश्ता, खुर्ची, मंडप, ध्वनिक्षेपक, रिक्षा, सगळ्यांचे दर. तुमच्या मामांनी खुर्च्या फुकट दिल्या तरी वहीत त्या दरपत्रकाच्या भावानेच चढतात. खर्च त्या स्वतंत्र खात्यातूनच करा. पत्रकावर मुद्रकाचं नाव आणि प्रतींची संख्या छापलेली हवी. गाडी, ध्वनिक्षेपक, कोपरा सभा, प्रत्येकाची परवानगी वेगळी. रोज रात्री झोपायच्या आधी वही लिहायची सवय लावा. मी तीन दिवस सोडले आणि चौथ्या दिवशी दोनशे कप चहा कोणाच्या दारात प्यायले गेले हे आठवत बसलो.

९. मतदान आणि मोजणी

मतदान सकाळी साडेसात ते साडेपाच. तुमचा मतदान प्रतिनिधी त्याआधी केंद्रावर पोचलेला हवा, कारण अभिरूप मतदान (यंत्र तपासायला घेतलेलं चाचणी मतदान) त्याच्यासमोर होतं. त्याला यंत्र आणि मोहरेचे क्रमांक वहीत उतरवून घ्यायला सांगा. शेवटी एकूण किती मतं पडली त्याचा नमुना घेतल्याशिवाय त्याने उठायचं नाही. आपल्याकडे स्थानिक निवडणुकांत यंत्राला चिठ्ठी दाखवणारी व्हीव्हीपॅट नसते, त्यामुळे "माझी चिठ्ठी का नाही पडली" या शंकेचं उत्तर कार्यकर्त्यांना आधीच सांगून ठेवा. नोटा ("वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण) आहे. २०१८ च्या आयोगाच्या आदेशानुसार नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक होते.

मोजणी डोळ्याची पापणी लवेस्तोवर आटोपते. एका प्रभागाला एक, फार तर दोन केंद्रं. वहिनींचा निकाल कळला तेव्हा मी बाहेर गाडी लावत होतो. म्हणून प्रतिनिधीच्या खिशात फेरमोजणीचा अर्ज आधीच लिहून ठेवा, फक्त कारण भरायचं राहू द्या. निकाल जाहीर व्हायच्या आत तो लेखी द्यावा लागतो. मतं समान पडली तर ईश्वरचिठ्ठी, आणि इतक्या लहान प्रभागात ते अगदीच अशक्य नाही.

१०. निकालानंतर

जिंकलात तर गटनोंदणी (कोणते नगरसेवक कोणत्या पक्षाच्या किंवा आघाडीच्या गटात याची नोंद) जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. कुठल्या गटात सही करताय ते वाचूनच करा, कारण स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, तिथून लागू होतो. पहिल्या सभेत उपाध्यक्षाची निवड होते आणि पाच वर्षं त्या सभेच्या तारखेपासून मोजतात.

जिंकलात किंवा हरलात, खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचाच. हरलेले इथे हमखास चुकतात. पडल्यावर त्या कार्यालयाकडे पाऊल वळत नाही आणि मग अपात्रतेची नोटीस घरी येते. वहिनींचा हिशेब मी २७ व्या दिवशी दिला, पोच घेतली. अनामत जप्त झाली नव्हती, म्हणून परत मिळण्यासाठी त्याच टेबलावर वेगळा अर्ज टाकला. मूळ पावती मागितली. ती शपथपत्राच्या झेरॉक्सला टाचलेली सापडली, म्हणून सांगतो, अनामतीची पावती वेगळ्या पाकिटात ठेवा.